जखमी हरणाचा शोध – आकाशातून!

मुलांनो, हे वाचता वाचता एक छोटासा प्रयोग करून बघा. तुमचा उजवा हात समोरच्या टेबलावर नाहीतर लाकडी पाटावर सपाट दाबून ठेवा. मनातल्या मनात पन्नासपर्यंत आकडे मोजा आणि हात उचला. काय दिसलं? काहीच नाही ना! आता त्याच जागी डावा हात टेकवा. जागा जराशी कोमट लागते. म्हणजे तुमच्या हाताचा ठसा तिथे आहे बरं का, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

हा ठसा दिसणारा एक कॅमेरा असतो. तो ड्रोनला लावून आकाशात सोडला, तर गवतात लपून बसलेलं जखमी हरीण शोधता येतं. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. पण त्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या चौथीच्या मुलांना घेऊन सुप्याकडे सहलीला गेले होते. पुण्यापासून साधारण ७० किलोमीटरवर, बारामती तालुक्यात सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावचा गणपती तिथून जवळच. अभयारण्य अगदी लहान, साधारण पाच चौरस किलोमीटरचं. १९९७ साली ते जाहीर झालं. घनदाट जंगल वगैरे काही नाही. माळरान, गवत, बोरी-बाभळी आणि त्यात चिंकारा! तपकिरी रंगाचं, बकरीएवढं, काटक पायांचं हे हरीण. माळावर नुसतं उभं राहिलं तरी सहज दिसत नाही, इतका त्याचा रंग मातीत मिसळून जातो.

अभयारण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आमची बस थांबली होती. एका मुलीला चिंकारा दिसला. मागचा पाय उचलून तीन पायांवर चालत होता. कुत्र्यांनी धरला होता, की कुंपणाच्या तारेत अडकला होता, की एखाद्या गाडीचा धक्का लागला होता, देव जाणे. मुलं कळवळली. "बाई, त्याला पाणी देऊ या!" म्हणत दहा-बारा जण माळावर धावले. त्यांच्यामागे मीही धावले. आम्ही मदतीलाच निघालो होतो हो! पण चिंकाऱ्याला ते कसं कळणार? तो तसाच लंगडत, उड्या मारत टेकाडापलीकडे गेला. नंतर तिथल्या माणसांनी तासभर शोधलं. सापडला नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

आता थोडी ओळख करून घेऊ, कारण परीक्षेतही इथे मुलं चुकतात. आपण मराठीत सरसकट सगळ्यांना हरीण म्हणतो. पण चितळ, सांबर आणि भेकर हे एका कुळातले. त्यांच्या नरांची शिंगं गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. चिंकारा आणि काळवीट दुसऱ्या कुळातले, म्हणजे गाई-बकऱ्यांचे नातलग. त्यांची शिंगं जन्मभराची. सिंहगड, ताम्हिणी, भीमाशंकरच्या बाजूला झाडीतली हरणं, तर बारामती-इंदापूरच्या माळावर चिंकारा, असा आपल्या पुणे जिल्ह्याचा मामला आहे. झाडीतलं जखमी हरीण शोधणं आणि माळावरचं शोधणं यात फार फरक आहे. तो पुढे येईलच.

जखमी जनावर काय करतं? ते दवाखान्यात जात नाही. लपतं. जिथे सावली असेल, गवत उंच असेल, माणूस-कुत्रा येणार नाही, तिथे जाऊन बसतं आणि अजिबात हलत नाही. हलणं म्हणजे कोल्ह्या-लांडग्याला आमंत्रणच. त्यामुळे शोधणारा माणूस दहा पावलांवरून निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

इथेच तो ऊब दिसणारा कॅमेरा कामाला येतो. त्याला थर्मल कॅमेरा म्हणतात. ही ऊब म्हणजे खरं तर एक प्रकारचे किरण आहेत, त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते कोणी शोधले माहीत आहे? युरेनस ग्रह ज्याने शोधला त्याच विल्यम हर्शेलने! १८०० साली तो लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून तापमान मोजत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच उजेड दिसत नव्हता, तिथेही थर्मामीटरचा पारा चढला. तांबड्याच्या पलीकडे न दिसणारे असे काहीतरी आहे, हे त्याच्या लक्षात आले.

प्रत्येक ऊबदार वस्तू हे किरण बाहेर टाकत असते. तुम्ही, मी, चहाचा कप, म्हैस, सगळे. हरणाच्या अंगाचं तापमान ३८-३९ अंश सेल्सिअस. पहाटे माळ गार झालेला असतो. अशा वेळी वरून पाहिलं तर काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसावा तसं हरीण दिसतं. या कॅमेऱ्याचं भिंग साध्या काचेचं नसतं, कारण साधी काच हे किरण अडवते. जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या दिसणाऱ्या पदार्थाचं भिंग करतात, आणि म्हणून हे कॅमेरे महाग असतात.

तुम्ही म्हणाल, मग काय, ड्रोन उडवला की काम झालं! थांबा. आपल्याकडचा मे महिना आठवा. दुपारी माळावरचा दगड हरणापेक्षाही जास्त तापलेला असतो. पडद्यावर सगळीकडे पांढरंच पांढरं! त्यात हरीण शोधणं म्हणजे भाताच्या ढिगात साबुदाणा शोधण्यासारखं. म्हणून हे काम करायचं पहाटे, सूर्य उगवण्याआधी, नाहीतर रात्री उशिरा. दुसरी अडचण अशी की ऊब पानांमधून आरपार दिसत नाही. माळावर चिंकारा सापडेल, पण भीमाशंकरच्या दाट झाडीखाली बसलेलं भेकर वरून दिसेलच असं नाही. आणि तिसरी गंमत ऐका. पांढरा ठिपका म्हणजे हरीणच कशावरून? माळावर धनगरांची मेंढरं असतात, कुत्री असतात, ससे असतात. मग ड्रोन चालवणारा ठिपक्याचा आकार बघतो, तो कसा चालतो ते बघतो, साध्या कॅमेऱ्याने जवळून खात्री करतो. यंत्र ठिपका दाखवतं. ते हरीण आहे हे माणसालाच ओळखावं लागतं.

परदेशात या ड्रोनवरून मोठा वादच झाला आहे. अमेरिकेत हरणाची शिकार परवाना घेऊन करता येते. तिथे शिकाऱ्यांचा जुना नियम आहे : गोळी किंवा बाण लागल्यावर हरणामागे लगेच धावायचं नाही. थांबायचं, कधी अर्धा तास, कधी कित्येक तास. कारण पाठलाग केला तर जखमी जनावर मैलभर पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. पाठलाग नसेल तर जवळच बसतं. थांबून झालं की रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. आता काही जण त्यासाठी ड्रोन वापरतात. जखमी जनावर वाया जाऊ नये, त्याचे हाल लांबू नयेत, असं ते म्हणतात. पण मिशिगन राज्यात कायद्याने याला मनाई आहे, आणि त्याविरुद्ध २०२३ साली लोक कोर्टात गेले. मनाईमागचा विचारही समजण्यासारखा आहे. जखमी हरीण शोधणारा ड्रोन धडधाकट हरीणही शोधू शकतो! मग हरणाने लपायचं तरी कुठे?

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. चिंकारा आणि काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. तरीही शिकाऱ्यांचा तो 'थांबायचं' नियम वाचला आणि मला आमची सहल आठवली. शिकार करणाऱ्यांना जे ठाऊक होतं, ते मदत करायला निघालेल्या बाईंना ठाऊक नव्हतं!

जर्मनीतली गोष्ट मात्र मला फार आवडते. तिथे मे-जून महिन्यात गवताची कापणी होते. नेमके याच दिवसांत हरणांची पिल्लं जन्मतात आणि आई त्यांना गवतात ठेवून चरायला जाते. धोका आला की पिल्लू पळत नाही, उलट जमिनीला चिकटून स्तब्ध बसतं. कोल्ह्यापासून यामुळे जीव वाचतो, पण कापणीच्या यंत्रापुढे काय उपयोग? म्हणून तिथले स्वयंसेवक कापणीच्या दिवशी पहाटे शेतावर थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवतात. ठिपका दिसला की हातमोजे घालून, गवताच्या पेंढीसकट पिल्लू उचलतात, म्हणजे माणसाचा वास त्याला लागत नाही. कापणी होईपर्यंत ते खोक्यात सावलीला. मग पुन्हा मोकळं! २०२१ पासून तिथलं सरकार असे ड्रोन घ्यायला पैशांची मदतही देतं.

आणि अगदी असाच प्रसंग आपल्या जुन्नरला येतो, फक्त हरणाऐवजी बिबट्या आणि गवताऐवजी ऊस. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागातल्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. ऊसतोडणी सुरू झाली की कामगारांना अचानक मांजराएवढी पिल्लं सापडतात. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ती सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात. सगळे लांब जातात. रात्री आई येते आणि तोंडात धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. अशी शंभराहून जास्त पिल्लं आईकडे परत गेली आहेत. याच भागात आता बिबट्यांचा ठावठिकाणा काढायला वन विभाग थर्मल ड्रोन वापरतो. उंच उसात माणसाने शिरणं किती धोक्याचं, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. तिथे बिबट्यामुळे माणसांचे जीवही गेले आहेत. वरून बघता आलं, तर माणूसही वाचतो आणि जनावरही.

पण मुलांनो, नुसतं दिसणं पुरेसं नसतं. हे आपल्या पुण्यानेच एकदा फार वाईट तऱ्हेने पाहिलं. ९ डिसेंबर २०२०. कोथरूडमध्ये महात्मा सोसायटीच्या भागात भल्या सकाळी एक रानगवा आला. एवढं मोठं जनावर, त्याला शोधायला ना ड्रोन लागला ना कॅमेरा! तो सगळ्यांना दिसत होता, आणि तेच त्याचं दुर्दैव. बघता बघता बघ्यांची गर्दी जमली. मोबाईल निघाले, आरडाओरडा सुरू झाला. गवा घाबरून सैरावैरा धावत सुटला. भिंतींना, फाटकांना धडकला, तोंडातून रक्त आलं. वन विभागाच्या आणि बचाव पथकाच्या लोकांनी काही तासांनी त्याला भुलीचं औषध देऊन पकडलं, पण तो वाचला नाही.

त्याच्या जखमा काही फार मोठ्या नव्हत्या, मग तो गेला कसा, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर वाचताना कळलं. जनावर जिवाच्या आकांताने खूप वेळ धावलं की त्याचं अंग तापतं, स्नायू आतल्या आत तुटायला लागतात. तुटलेल्या स्नायूंमधली द्रव्यं रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर आणि हृदयावर ताण आणतात. पकडल्यावर ते शांत दिसतं, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, दगावतं. हरणांमध्ये ही भीती सगळ्यात जास्त. अंगावर एक ओरखडा नसतानाही नुसत्या पाठलागाने हरीण मरू शकतं.

दोनच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला पुन्हा एक गवा दिसला. साऱ्या शहराच्या छातीत धस्स झालं! पण या वेळी पोलिसांनी आणि वन विभागाने गर्दीला लांबच थोपवलं. गव्याला वाट मोकळी ठेवली. आणि तो जंगलाच्या दिशेने निघून गेला. तेच शहर, तसंच जनावर. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी माणसं लांब राहिली.

म्हणून मला वाटतं, ड्रोनचा खरा उपयोग हरीण शोधण्यात जितका, तितकाच माणसांना लांब ठेवण्यात आहे. वरून एकजण बघत असेल तर पन्नास जणांनी झुडपं तुडवत फिरायची गरज नाही. हरीण कुठे बसलं आहे ते कळलं, की फक्त दोन-तीन माणसं, वाऱ्याची दिशा बघून, आवाज न करता जातात. सोबत पशुवैद्य असतो. जाळं टाकायचं की भुलीचं इंजेक्शन मारायचं, तो ठरवतो. हरीण हाती आलं की पहिलं काम कोणतं? जखमेला औषध? नाही! आधी डोळ्यांवर कापड. अंधार झाला की ते पुष्कळ शांत होतं. मग बोलणं बंद, कुरवाळणं बंद, फोटो तर अजिबात नाहीत. आपल्याला वाटतं, पाठीवरून हात फिरवला की त्याला बरं वाटेल. आपल्या मोतीला वाटतं. हरणाला वाटतं की आता हा मला खाणार. पुण्यात बावधनला अशा वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट मिळून ते चालवतात. बरं झालेलं जनावर होता होईल तो लवकर त्याच्या रानात सोडायचं, माणसाची सवय लागू द्यायची नाही, अशी तिथली रीत.

ड्रोनचाही जनावरांना त्रास होतो, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शास्त्रज्ञांनी काही अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी छोटी यंत्रं बसवली आणि वरून ड्रोन नेला. अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीदेखील नाहीत. पण आत ठोके भराभर वाढलेले! म्हणजे वरून निवांत दिसणारं जनावर आतून भेदरलेलं असू शकतं. जाणकार माणूस म्हणूनच ड्रोन उंचावर ठेवतो, डोक्यावर घिरट्या घालत नाही, आणि काम झालं की परत आणतो.

आता तुमच्यापैकी कोणाचा तरी मामा लग्नात ड्रोनने शूटिंग करत असेल, आणि तुमच्या मनात एक बेत शिजायला लागला असेल! तो तिथेच थांबवा. २०२१ पासून आपल्या देशात ड्रोनचे नियम आहेत. अगदी छोटे, २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सोडले, तर धंद्यासाठी-कामासाठी ड्रोन उडवायला परवाना लागतो, आणि तो १८ वर्षांच्या आत मिळत नाही. नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल भाग ठरवून दिलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. लोहगावचा विमानतळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, त्यामुळे पुण्यात तर नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन बाहेर काढायचाच नाही. अभयारण्यात वन विभागाची परवानगी वेगळी. जखमी हरणासाठी ड्रोन लागेल की नाही, ते वन विभाग ठरवेल. मामाने फोन करावा, एवढं पुरे.

फोनचा नंबर आहे १९२६. महाराष्ट्र वन विभागाची ही मदतवाहिनी, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालते. फोनवर काय सांगायचं याचा सराव आम्ही वर्गात नाटुकलं करून घेतो. पहिल्यांदा मुलं म्हणतात, "लवकर या, हरीण रडतंय!" पण कुठे यायचं? मग दुसऱ्या वेळी जमतं : गावाचं नाव, रस्ता, जवळची खूण, म्हणजे देऊळ, विहीर, मोबाईलचा मनोरा. कोणतं जनावर आणि साधारण किती मोठं. उभं आहे की बसलेलं. आसपास कुत्री आहेत का. शेवटचं दिसलं तेव्हा कोणत्या बाजूला जात होतं. हे शेवटचं फार कामाचं, कारण ड्रोन कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरतं. फोन झाला की तिथेच, पण लांब, उभं राहायचं आणि कुत्री व माणसं पुढे जाऊ द्यायची नाहीत. पाणी पाजायला जायचं नाही. हो, पाणीसुद्धा नाही! घाबरलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

आमच्या वर्गातल्या मुलांनी हा नंबर कागदावर लिहून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. तपासताना एकाच्या पेटीत १९६२ सापडलं. मी लाल पेन काढलं, तर तो म्हणाला, "बाई, हापण खरा नंबर आहे. आमची म्हैस आजारी पडली तेव्हा बाबांनी यावरच फोन लावला होता." खरंच की! १९६२ हा गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्याचा. आता त्याच्या कंपासपेटीत दोन्ही आकडे आहेत, एकाखाली हरीण काढलंय आणि एकाखाली म्हैस. हरणाला त्याने तीनच पाय काढले आहेत. मी विचारलं नाही.